भर दुपारची खलनायिका

शैलामावशी,

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले आणि मला अजून तुझा रागच येतोय. भांडण असं अर्धवट टाकून कुणी जातं का? शेवटचं वाक्य तुझं होतं. मी उत्तर शोधत होते, उत्तर सापडलंही होतं, आणि सुट्टीत रियाधहून घरी हफ्र अल बातिनला आले की तुझ्या ओट्यावर चढून बसून ते तुला ऐकवायचं असं पक्कं ठरलं होतं. आता कुणाला ऐकवू? आई म्हणाली, लिहून काढ. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत भांडलेलं तुला चालत नसे. "इंग्रजीत भांडायचं तर कॉलेजात जाऊन भांड. माझ्याशी भांडायचं तर आपल्या भाषेत." इथल्या इंडियन स्कूलमध्ये वाढलेल्या आम्हा पोरांचं मराठी काय लायकीचं असतं ते तू रोज ऐकत होतीस. माझं जे काही बरं आहे ते लहानपणापासून तुझ्याशी वाद घालून घालून झालंय.

तुझी नोकरी, तुझं मिरज, तू कुठल्या साली इथे आलीस, हे सगळं हॉस्पिटलच्या शोकसभेत वाचून दाखवलं म्हणे. बाबांनी मला ते फोनवर ऐकवलं. तुझ्या डायलिसिस विभागातली कामं, बाबांच्या एक्स-रे विभागाशी तुझे चांगले संबंध, वक्तशीरपणा. मी ऐकत राहिले आणि मनात एकच, की अरे, पण ही बाई खलनायिका होती! हे कुणीच का सांगत नाही?

म्हणून मी त्या सहा शुक्रवारांबद्दलच बोलणार आहे.

मी खरं तर तुझी बेडरूम मागायला आले होते. एवढंच. रियाधच्या कॉलेजात फिल्मच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक छोटा सिनेमा करायचा होता, आणि मला त्यात हॉस्पिटलचा वॉर्ड हवा होता. हॉस्पिटल काही शूटिंगला परवानगी देणार नव्हतं. तुझ्या बेडरूमच्या भिंती पांढऱ्या होत्या आणि खिडकी उत्तरेला. तू थालीपीठं लावत होतीस.

"कसला सिनेमा?"

"निओ-न्वार."

"नवार? खाटेची?"

मी हसून हसून ओट्यावरून पडायची राहिले. मग तुला समजावलं, की न्वार म्हणजे काळा. गुन्ह्याची गोष्ट असते, अंधार, सावल्या, एक फसवणारी बाई, एक फसणारा माणूस, आणि गोष्टीत कुणीच पूर्णपणे चांगलं नसतं. जुना प्रकार आहे, आता लोक तो नव्या काळात, नव्या जागी करतात, म्हणून निओ.

तू थालीपीठ उलटलंस. "कुणीच पूर्ण चांगलं नसतं. म्हणजे वॉर्डच की."

मग चष्मा लावून माझी पटकथा वाचायला बसलीस, हातात लाल पेन. गोष्ट साधी होती. एक नर्स, जिचा ठरलेला नवरा वीस वर्षांपूर्वी याच देशात नाहीसा झाला. एके दिवशी तिच्या वॉर्डात नव्या पेशंटची फाइल येते, आणि फाइलवर त्याचंच नाव. जयंत. ती धावत पलंगाशी जाते, तर पलंगावर माणूस दुसराच. मग हळूहळू ती त्या खोट्या जयंतला स्वतःच्या जाळ्यात ओढते, खऱ्याचं काय झालं ते त्याच्याकडून काढून घेते आणि शेवटी त्याला वाळवंटात सोडून निघून जाते.

पहिल्या पानावर तू चार ठिकाणी लाल केलंस. "सुई अशी धरतात? पेशंट मरेल तुझा." दुसऱ्या पानावर तीन ठिकाणी. मग वर बघून विचारलंस, "नर्सचं काम कोण करतंय?"

"आमच्या कॉलेजातली एक मुलगी. बावीस वर्षांची आहे, पण चेहरा छान आहे."

"बावीस? आणि हिचा माणूस वीस वर्षांपूर्वी हरवला? तेव्हा ही दोन वर्षांची होती काय गं?"

मावशी, दोन महिने मी ती पटकथा लिहीत होते. तीन शिक्षकांनी वाचली होती. कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! मी मेकअपबिकअप असं काहीतरी पुटपुटले. तू गॅस बंद केलास, उलथनं हातात तसंच, आणि म्हणालीस, "थांब, हे असं होईल." उलथनं फाइलसारखं धरलंस. वाचलंस. वाचताना तुझ्या तोंडावर काहीच हललं नाही, फक्त अंगठा त्या उलथन्यावर एकदा पुढे सरकला, जणू नावावरून फिरवला. मग तू मान वर केलीस आणि समोरच्या फ्रीजकडे बघितलंस. असं बघितलंस, की मला त्या फ्रीजमध्ये परका माणूस दिसला.

मी विचारलं, "मावशी, तू करशील?"

तू म्हणालीस, "थालीपीठ गार होतंय, खा आधी." आणि मग, माझ्याकडे पाठ करून, "शुक्रवारीच जमेल हां. बाकी दिवस ड्यूटी."

शुक्रवार म्हणजे दुपार. यावरून आपलं पहिलं खरं भांडण झालं, आणि त्यात माझ्या बाजूला रीम होती. रीम माझी वर्गमैत्रीण, इथलीच, कॅमेरा तिचा आणि डोळाही तिचाच. ती रियाधहून लाल-निळे दिवे घेऊन आली होती, रात्रीच्या ओल्या रस्त्यांची स्वप्नं बघत. हफ्र अल बातिनमध्ये ओला रस्ता! आम्ही दोघी टँकर बोलवून रस्ता भिजवायच्या गप्पा करत होतो. तुला संध्याकाळी सातला झोप यायची, कारण पहाटे चारला उठायचं असायचं. तू म्हणालीस, रात्र जमणार नाही.

"मावशी, न्वार दिवसा होत नाही!"

"का होत नाही? इथे लोक लपतात कधी, सांग. रात्री तर सगळं गाव रस्त्यावर असतं, पोरंबाळं घेऊन. शुक्रवारी नमाजानंतर बघ. सगळी दुकानं बंद, सगळे पडदे ओढलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खून करायचा तर मी दुपारी दोनला करीन."

मी रीमला हे भाषांतर करून सांगितलं. शुक्रवारी दोन वाजता ती कॅमेरा घेऊन गच्चीवर गेली आणि अर्ध्या तासाने पळत खाली आली. तिच्या कॅमेऱ्यात पूर्ण रिकामा बाजार होता, पांढराफेक, दुकानांची शटरं ओढलेली, आणि प्रत्येक गोष्टीच्या पायाशी एवढीशी काळीकुट्ट सावली, शाईचा डाग पडावा तशी. "खलास," रीम म्हणाली. "दिवे परत न्यायचे." त्या क्षणी मला कळलं की माझा सिनेमा होणार आहे. तू मात्र खाली पडदे शिवत बसली होतीस, वॉर्डासाठी.

खोट्या जयंतसाठी आपल्याला बशीरकाका मिळाले. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, मूळ म्हसळ्याचे, बाबांचे जुने दोस्त. त्यांना वाटलं होतं कॅमेऱ्यासमोर एकदा झोपायचं आणि घरी जायचं. तू त्यांना पहिल्याच दिवशी पाच तास पलंगावर पाडून ठेवलंस. "डायलिसिसचा पेशंट चार तास असाच पडतो. कंटाळा आला? छान. तो चेहरा तसाच ठेवा." मशीन म्हणून आम्ही तुझा जुना वॉटर कूलर उभा केला होता, त्याला नळ्या लावून. नळ्यांत मी लाल रंगाचं पाणी भरलं, तू ओतून दिलंस. रक्त असं नसतं म्हणालीस. मग करकदेचं, म्हणजे इथल्या जास्वंदीचं, गडद सरबत केलंस, त्यात चमचाभर कॉफी मिसळलीस, नळी उजेडाकडे धरून बघितलीस, आणि मान डोलावलीस. बशीरकाका पलंगावरून म्हणाले, "काय गो शैला, उरलेला मला प्यायला देशील ना?"

आणि अलार्म! मशीनचा अलार्म आम्हाला नंतर संगणकावर घालायचा होता. पण सीन चालू असताना, बशीरकाकांना नेमकं कधी दचकायचं ते कळेना, म्हणून तू स्वतःच तोंडाने आवाज काढलास. हुबेहूब. तेवीस वर्षं ऐकलेला आवाज. ध्वनीचं काम करणाऱ्या मुलाने नंतर मला विचारलं, हे कुठल्या मशीनचं रेकॉर्डिंग आहे, फार स्वच्छ आलंय. सिनेमात तोच राहिलाय. तू कॅमेऱ्याला पाठ करून उभी आहेस आणि मशीन वाजतंय, आणि ते मशीनसुद्धा तूच आहेस.

तिसऱ्या शुक्रवारी पोलिसांची गाडी थांबली होती, ते आठवतं? तू बंद बाजारातून एकटी चालत येतेस तो सीन. काळा गॉगल, काळा अबाया, हातात फाइल. गाडीतून एक तरुण पोलीस उतरला. रीमने कॉलेजचं पत्र दाखवलं, परवानगी दाखवली. त्याने सगळं नीट वाचलं, परत दिलं, आणि मग इकडेतिकडे बघत विचारलं की हीरोइन कुठे आहे. आमच्यात बघण्यासारख्या रीम आणि मी. तू फाइल धरलेला हात वर केलास, शाळेत करतात तसा. "अना," म्हणालीस. मी. तो पोलीस बघतच राहिला. मग त्याने दोन पावलं मागे घेतली, गाडी गल्लीच्या पलीकडे नेऊन लावली, आणि आपला सीन होईपर्यंत येणारी एकुलती एक डिलिव्हरीची मोटरसायकल अडवून धरली. तू पुढचा आठवडाभर वॉर्डात हे सगळ्यांना सांगत होतीस. मला बाबांकडून कळलं.

आता शेवटचा सीन. इथे यायचंच होतं.

शहराबाहेरचा तो सरळ रस्ता, दोन्हीकडे काही नाही. गाडी तुझी पांढरी, जी बायकांना गाडी चालवायची मोकळीक मिळाल्यावर तू बावन्नाव्या वर्षी चालवायला शिकून विकत घेतलीस. सीनमध्ये खोटा जयंत कबूल करतो, की खरा जयंत एका खोलीत तापाने गेला, याच्या मांडीवर डोकं ठेवून. याचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपला होता, ज्याच्या नावावर तो मिळतो तो कफील दाद देत नव्हता, म्हणून याने मेलेल्या मित्राची कागदपत्रं उचलली आणि त्याचं नाव लावून जगला. ती ऐकून घेते. मग म्हणते, मागचं चाक बसल्यासारखं वाटतंय, जरा उतरून बघा. तो उतरतो. ती निघून जाते. बस.

तुला हे पहिल्या दिवसापासून मान्य नव्हतं.

"अगं, त्याचं डायलिसिस आहे शनिवारी."

"मावशी, ती नर्स म्हणून वागत नाहीये तिथे!"

"मग काय म्हणून वागतेय? नर्सपण काय अबायासारखं काढून ठेवता येतं?"

"न्वारमध्ये माणूस पूर्ण खाली जायला लागतो. नाहीतर मजा नाही."

"मजा! तुझ्या नवारीला सांग, तो माणूस शनिवारपर्यंत टिकायचा नाही."

पहिल्या टेकला कॅमेरा रस्त्यावर होता. बशीरकाका उतरले, वाकून चाक बघितलं, तू गाडी काढलीस. सुंदर चाललं होतं. आणि दोनशे मीटरवर तुझे ब्रेकचे दिवे लागले, आणि गाडी मागे यायला लागली! मी किंचाळले. त्या उन्हात, सगळ्यांसमोर, मी तुझ्यावर ओरडले, तेही इंग्रजीत. तू काच खाली केलीस, माझं पूर्ण ऐकलंस, आणि शांतपणे म्हणालीस, "मराठीत सांग." मी मराठीत सांगितलं. "ठीक आहे," तू म्हणालीस. "डायरेक्टर तू आहेस. एकदा तुझ्यासारखं करते."

दुसऱ्या टेकला रीम कॅमेरा घेऊन तुझ्या शेजारच्या सीटच्या पायाशी मुटकुळं करून बसली. मी आणि बशीरकाका रस्त्यावर. गाडी गेली. लहान झाली. ठिपका झाली. नाहीशी झाली. मी "कट" म्हटलं, पण ते ऐकायला तिकडे कुणीच नव्हतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बशीरकाकांनी रुमाल डोक्यावर घेतला. "तन्वी, गो, ही येणार ना परत?"

तू आलीस. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊन, थंडगार लबनच्या, इथल्या ताकाच्या, बाटल्या घेऊन. बशीरकाकांच्या हातात एक देत मला म्हणालीस, "बघ. आलेच ना मी."

मी तुझ्याकडे लक्षही दिलं नाही, कारण रीमने माझ्यासमोर कॅमेरा धरला होता. त्या छोट्या पडद्यावर तू गाडी चालवत होतीस. आरशात बघत होतीस, बराच वेळ. चेहऱ्यावर राग नाही, रडू नाही. मग तू हात पुढे केलास आणि एसी एक घर वाढवलास.

मावशी! हे पटकथेत नव्हतं. हे मी शंभर वर्षांत लिहू शकले नसते. मागे तो माणूस उन्हात उभा आहे आणि ही बाई एसी एक घर वाढवते. मी तिथे रस्त्यात नाचले. रीमला मिठी मारली, बशीरकाकांना मारली, त्यांच्या अंगावर लबन सांडलं. तुला मारली की नाही ते आठवत नाही. बहुतेक नाही. हे मला आता फार लागतं.

त्या संध्याकाळी तुझ्याकडे जेवताना मी तो प्रश्न विचारला. अगदी हळू आवाजात, फार समजूतदार असल्यासारखा. "मावशी, तो एसीचा हात करताना तुझ्या मनात कोण होतं? तुला कुणी असं सोडून गेलं होतं का?"

तू घास खाली ठेवलास. "का?"

"नाही, म्हणजे ते इतकं खरं होतं..."

"म्हणजे मी चांगलं काम केलं तर ते माझं दुःख असणार. मला कुणी सोडून गेलं नाही, तन्वी. मी लग्न केलं नाही कारण मला करायचं नव्हतं. मी तेवीस वर्षं माणसांसमोर उभी राहून सांगते की काही होणार नाही, रिपोर्ट बरे आहेत. त्यातले किती वेळा बरे असतात? चेहरा कसा ठेवायचा ते मला येतं. हात कुठे ठेवायचा ते येतं. मी अभिनय केला. तो मी केला. कुठूनतरी आला नाही."

बशीरकाका ताटात बघत राहिले. मी "सॉरी" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "अगं तसं नाही." तू मला आणखी एक पोळी वाढलीस आणि विषय संपवलास.

विषय संपला नव्हता, कारण मी त्याहून वाईट केलं.

सिनेमा कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये दाखवला गेला तेव्हा तू पाच तास गाडी चालवत रियाधला आलीस, आईला आणि बशीरकाकांना घेऊन. मोरपंखी साडी आणि वर अबाया. मी लहान होते तेव्हा या देशात सिनेमाचं एक थिएटर नव्हतं, आणि आता तू तिसऱ्या रांगेत बसली होतीस आणि समोर पंचवीस फुटांची तू होतीस. तू आईच्या कानात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "केस बघ माझे, कसे दिसतायत." पण एसीचा शॉट आला तेव्हा तू गप्प झालीस. मागून कुणीतरी श्वास आत ओढला तो मला ऐकू आला. दिवे लागले तेव्हा टाळ्या थांबेनात, रीम रडत होती, मी तुला हात करून उभी राहायला सांगत होते. तू उभी राहिलीस आणि वॉर्डाच्या राउंडला आल्यासारखी मान हलवलीस.

मग पाहुण्या म्हणून आलेल्या दिग्दर्शिका बाईंनी मला विचारलं, की जिने आयुष्यात कधी सिनेमात काम केलं नाही अशा बाईकडून हे तुम्ही कसं काढून घेतलंत?

मी माइक हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाले, की ती खरं तर अभिनय करत नाहीये. ती इथे इतकी वर्षं एकटी राहिली आहे, ते एकटेपण तिच्यात आहे, मी फक्त कॅमेरा लावला.

लोकांना ते फार आवडलं. पुन्हा टाळ्या झाल्या. मी खाली तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती. तू पर्समध्ये काहीतरी शोधत होतीस.

परतीच्या वाटेवर मी तुमच्याबरोबर गाडीत होते, तुझ्या शेजारी. वाटलं होतं तू आता बोलशील, मला झापशील. तू पाच तास फक्त शेवटावर बोललीस. चूक आहे तुझा शेवट, अजून म्हणते चूक आहे. मी म्हटलं, मावशी, बघितलंस ना लोकांनी कसा घेतला तो. तू म्हणालीस, घेऊ देत. मग घराशी येऊन गाडी लावताना ते वाक्य म्हणालीस:

"ती माघारी येते, तन्वी. पाच मिनिटांनी येतेच. तू कॅमेरा बंद केलास म्हणून तुला दिसलं नाही."

यालाच मी दोन महिने उत्तर शोधत होते. हे घे. ती माघारी येते, मान्य. तू म्हणतेस तर येतेच. पण उन्हात उभ्या असलेल्या त्या माणसाला हे माहीत नाही. माझा सिनेमा त्याच्या त्या पाच मिनिटांचा आहे. बोल आता.

बोलणार नाहीस. एका सकाळी तू ड्यूटीवर आली नाहीस, पहिल्यांदाच, आणि तुझ्या विभागातली सिस्टर ग्रेस तुझ्या घरी गेली. हृदय थांबलं होतं, झोपेतच असावं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा आणि बशीरकाका तुझ्या कागदांसाठी आठ दिवस या दारातून त्या दारात फिरत होते. मी परीक्षा संपवून रियाधहून पोचले तेव्हा तू मिरजेच्या वाटेवर होतीस. मला काही करायला उरलंच नव्हतं.

काल सिस्टर ग्रेसचा फोन आला. पेशंट सारखे विचारतायत, म्हणाली, शैलाचा तो सिनेमा कुठे आहे. तिने वरिष्ठांना विचारून ठेवलं होतं. मी आणि रीम आज दुपारी पेन ड्राइव्ह घेऊन तुझ्या वॉर्डात गेलो. मी तिथे कधी गेले नव्हते, मावशी. तुझ्या बेडरूमपेक्षा तो खूप मोठा आहे आणि मशीनं खरी आहेत. आठ पलंग, आठ माणसं, नळ्यांनी बांधलेली, चार तास हलता न येणारी. असा प्रेक्षक कुठल्या दिग्दर्शकाला मिळतो!

भिंतीवरच्या टीव्हीवर सिनेमा लावला. खिडकीजवळच्या पलंगावर अबू फहद होते, ज्यांच्याबद्दल तू नेहमी सांगायचीस, चिडके, बिस्किटं लपवून आणणारे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून रीम त्यांच्या उशाशी बसून पडद्यावरचं अरबी भाषांतर त्यांना वाचून दाखवत होती. तुझ्या तोंडचा अलार्म वाजला तेव्हा आठही माणसांनी आपापल्या मशीनकडे बघितलं. सिस्टर ग्रेस उठून दोन पावलं धावली. मग सगळा वॉर्ड हसला. ते शेवटचं हसू होतं. नंतर कुणी हललं नाही. तू गाडी काढलीस, आरशात बघितलंस, हात पुढे केलास, आणि अबू फहद मोठ्याने म्हणाले, "या लतीफ!" देवा रे, म्हणतो तसं, आणि त्यांनी मोकळ्या हाताने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

संपल्यावर ते बराच वेळ रीमशी बोलले. रीम मला सांगू लागली. ते म्हणतायत, शैलाला मी अकरा वर्षं ओळखतो. आठवड्यातून तीनदा तिने मला सुई लावली, एकदाही दुखू दिलं नाही. पण ही बाई मला माहीत नाही. हिची मला भीती वाटली. ही कोण आहे, विचार तुझ्या मैत्रिणीला.

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. माझं अरबी कच्चं आहे, पण हा शब्द मला येत होता. मी म्हटलं, शैलाच आहे. मुमस्सिला. अभिनेत्री होती ती, फार मोठी.

अबू फहदनी ते ऐकून घेतलं आणि मान डोलावली, आता हिशेब लागला अशी. मग त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

"मर्रा सानिया," ते म्हणाले. पुन्हा एकदा.

मी पहिल्यापासून लावला.

तुझी,
तन्वी